भंतेंचा व्हिसा आणि माझी चप्पल

माणसाकडे काय काय आहे हे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. कर्ज मागायला आलेल्याची जमीन, घर, पगार, बायकोचा पगार आणि असल्यास सासऱ्याचं वजन, हे सगळं मी चष्म्याच्या वरून बघायचो आणि मान हलवायचो. मान उभी हलली की आडवी, हे समोरच्याला लगेच कळू द्यायचं नाही, हे आमच्या खात्याचं खास कौशल्य. असा मी, प्रमोद आगाशे, बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच बालीगंजमध्ये राहिलो. अशा माणसावर, ज्याच्याकडे काहीही नाही अशा एका गृहस्थाला परदेशी पाठवायची पाळी यावी, याला मी माझ्या कुंडलीचा विनोद समजतो. गृहस्थाला म्हटलं तेही चुकलंच. ते गृहस्थ नव्हते, हीच तर सगळी अडचण होती.

सुरुवात उषादींच्या फोनने झाली. उषा बरुआ आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. बरुआ म्हणजे बंगाली बौद्ध. त्यांचे यजमान बरुआबाबू माझे सकाळच्या चहाचे सोबती. गेल्या वर्षी दोघं मुलीकडे, अमृताकडे, परदेशात गेले आणि बरुआबाबू तिथेच हृदयविकाराने गेले. उषादी तिकडेच राहिल्या. खालच्या फ्लॅटची किल्ली आमच्याकडे, आणि त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे. त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. हेमाला, म्हणजे माझ्या बायकोला, कधीतरी तिथे जायचंय आणि मला उगाच कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही.

"आगाशेबाबू," उषादी म्हणाल्या, "श्रावणात त्यांचं वर्ष भरतंय. संघदान करायचंय. इथे विहार आहे, भिक्खू आहेत, सगळे चांगले आहेत. पण मला आपले भंते हवेत."

संघदान म्हणजे भिक्खूसंघाला भोजन आणि वस्तू देऊन त्याचं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे करायचं. आपलं वर्षश्राद्धच, असं मी मनात भाषांतर करून घेतलं.

"व्हिडिओ कॉलवर केलं तर?" मी अत्यंत आधुनिक सूचना केली.

"फोनमधून पानात भात वाढता येतो का हो?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला आठवतं ना, कुठेही निघायचं म्हटलं की सगळे गाडीत आणि हे दारात चप्पल शोधत. गेल्या वर्षापासून मला असंच वाटतंय. हे गेलेलेच नाहीत. दारात वाकून चप्पल शोधतायत. इथल्या भिक्खूंनी सगळं नीट म्हटलं, पण ते यांना ओळखत नव्हते. भंते आणि हे एका वर्गात होते. भंतेंनी सांगितलं तर हे ऐकतील."

हे सगळं संभाषण बंगालीत झालं. माझं बंगाली बँकेच्या काउंटरवर शिकलेलं आहे, त्यात हळव्या गोष्टींना शब्दच नाहीत. म्हणून मी एवढंच म्हणालो, "काम होऊन जाईल. व्हिसाचं माझ्यावर सोडा. फॉर्म भरण्यात या इमारतीत माझा हात कुणी धरणार नाही."

फोन ठेवल्यावर हेमा म्हणाली, "मागच्या वेळी गॅसच्या फॉर्मवर तुम्ही आईच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं होतं." ती नको तिथे स्मरणशक्ती दाखवते.

सियालदहच्या पलीकडे, कागदाच्या घाऊक दुकानांच्या गर्दीत, एका गल्लीच्या टोकाला भंतेंचा विहार आहे. भंते सुमनप्रिय सत्तरीच्या पुढचे, किरकोळ बांध्याचे, आणि ऐकताना डोळे मिटणारे. त्यामुळे ऐकतायत की डुलकी लागलीय हे सांगता येत नाही. मी फॉर्म उघडला.

"व्यवसाय?"

"भिक्खू."

"मासिक उत्पन्न?"

"नाही."

"बँक खातं?"

"आम्ही पैशाला हात लावत नाही."

आयुष्यात हे वाक्य मी पुष्कळ कर्जबुडव्यांकडून ऐकलं होतं, पण खरं असं पहिल्यांदाच. मी पुढे गेलो. घर नाही. जमीन नाही. पत्नी नाही, मुलं नाहीत, विमा नाही. "मायदेशी परत येण्यास भाग पाडतील असे आपले बंध कोणते?" या रकान्यापाशी मी थबकलो. भंतेंनी डोळे उघडले. "बंध सोडण्यासाठीच तर हे भिक्खूचं वस्त्र, हे चीवर घेतलं, आगाशेबाबू," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. मला मात्र घाम फुटला. नोकरीत असतो तर या अर्जावर मी मान इतकी आडवी हलवली असती की मानदुखी झाली असती.

मग फोटो. भंतेंना घेऊन मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. संध्याकाळी दोघं पाकीट घ्यायला गेलो. उघडून बघतो तर भंते काळ्या कोटात, लाल टायमध्ये. स्टुडिओवाला अभिमानाने म्हणाला, "पासपोर्ट साइज म्हटल्यावर कोट आम्ही कंप्युटरवर सगळ्यांनाच घालतो, दादा. त्याचे पैसे नाहीत." भंतेंनी तो फोटो बराच वेळ निरखला. "कोण हे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "विमा विकणारे वाटतात," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. या खेपेला मी स्वतः कंप्युटरपाशी पहारा दिला, तर स्टुडिओवाल्याने उघडा खांदा सभ्य दिसावा म्हणून अर्ध्या बाहीचा शर्ट चढवायला घेतला होता. तो मी हातघाईवर येऊन काढायला लावला.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती आणि सल्ले सुरू झाले होते. आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडते, पाण्याचा पंप बंद पडतो, पण सल्ला कधी बंद पडत नाही. सगळ्यात अधिकारवाणीने बोलणारे घोषालबाबू. तिसरा मजला, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये जन्म काढलेला. मी त्यांना फॉर्म दाखवला. त्यांनी तो दिव्याकडे धरून पाहिला, जणू आत काही लपवलंय.

"सगळं रिकामं!" ते म्हणाले. "आगाशेबाबू, गोदीत आम्ही भरलेल्या खोक्याला कधी भ्यालो नाही. रिकामं खोकं आलं की चार जण मिळून ठोकून बघायचो. माणूस रिकामा दिसला की अधिकारी घाबरतो. भरा!"

"काय भरू? त्यांच्याकडे काही नाही."

"मग कार्यक्रम भरा! टूरिस्ट म्हणून पाठवा. टूरिस्टवर कुणी संशय घेत नाही. महिनाभर हिंडतोय, फोटो काढतोय, परत येतोय."

आता वाचक म्हणतील, हा इतकी वर्षं बँकेत काढलेला माणूस, याला अक्कल नव्हती का? होती. पण समोर रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो, हा माझ्या पेशाचा रोग आहे. मी रात्रभर नव्हे, पण टीव्हीवरची मॅच सोडून भंतेंच्या प्रवासाचा महिनाभराचा झकास कार्यक्रम आखला. सोमवारी धबधबा. मंगळवारी समुद्रकिनारा. बुधवारी मोठे झोपाळे आणि भुताचं घर असलेलं करमणूक उद्यान. एका ठिकाणी उंचावरून दोरीला लटकून उडी मारायची सोय होती. तीही घालणार होतो, पण भंतेंचं वय पाहून "ऐच्छिक" असं लिहिलं. वाचून हेमा म्हणाली, "मला लग्नानंतर दिघ्याच्या समुद्रावर एकदाच नेलंत." मी दुर्लक्ष केलं. भंतेंनी विश्वासाने, न वाचता सही केली. पुढचं सगळं त्या विश्वासामुळे घडलं.

मुलाखतीच्या दिवशी मला वकिलातीच्या आत सोडलं नाही. मी समोरच्या फुटपाथवर कोवळ्या नारळाचं पाणी पीत उभा राहिलो. भंते आत गेले तसे थोड्याच वेळात, तितक्याच शांतपणे बाहेर आले. हातात एक छापील कागद होता. "परत याल याची आमची खात्री पटलेली नाही," असा त्याचा मथितार्थ.

"काय विचारलं त्यांनी?"

"विचारलं, तुम्ही करमणूक उद्यानात जाणार का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, इथे लिहिलंय. मी म्हटलं, ते आगाशेबाबूंनी लिहिलंय."

"अहो भंते!"

"विचारलं, धबधबा बघायला जाणार का? मी म्हटलं, माहीत नाही, आगाशेबाबूंना विचारावं लागेल. मग त्यांनी विचारलं, हे आगाशेबाबू कोण? मी म्हटलं, फार भले गृहस्थ आहेत, आमची काळजी घेतात." भंते थांबले. "मी खोटं बोलू शकत नाही. तुम्ही रागावलात का?"

एका परकीय सरकारच्या दप्तरात माझी नोंद 'म्हाताऱ्या भिक्खूला भुताच्या घरात नेणारा इसम' अशी झाली असणार, या विचाराने मी टॅक्सीत तोंड फिरवून बसलो. घोषालबाबू म्हणाले, "तरी मी म्हटलं होतं, धबधबे दोन टाका." त्यानंतर मी जिन्यात ते दिसले की मोबाइलवर बोलल्यासारखं करू लागलो.

सगळ्यात वाईट उषादींना सांगणं. त्यांनी रडायला हवं होतं, रागवायला हवं होतं. त्या नुसतंच "असू दे" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पुष्कळ धावपळ केलीत. कुंड्या कशा आहेत?" फोन ठेवून मी खाली त्यांच्या फ्लॅटमध्ये पाणी घालायला गेलो. दारामागे बरुआबाबूंचा चपलांचा रॅक होता. मला पहिल्यांदाच कळलं की आपण नुसता फॉर्म चुकवलेला नाही, एका बाईची वाट अडवून ठेवली आहे. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी मी हेमाला म्हणालो, "मी आता विहारात तोंड दाखवणार नाही." हेमा म्हणाली, "तोंड तुमचं, तुमचा प्रश्न. मी उद्या सकाळी जेवण घेऊन जाते. दुपारी बाराच्या आत पोचायला हवं, नंतर ते जेवत नाहीत." मला अर्ज भरताना भंतेंची इतकी माहिती झाली होती, पण ते जेवतात कधी हे माहीत नव्हतं.

हेमा विहारातून परत आली ती तडक माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. हातात रिकामा डबा.

"तुम्ही भंतेंना महिनाभर पाठवणार होतात?"

"हो."

"श्रावणात?"

"हो. बरुआबाबूंची तिथीच तेव्हा आहे."

"अहो, त्यांचा वर्षावास असतो! आपला चातुर्मास, तसा. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने ते विहार सोडून राहू शकत नाहीत. कुणी भाविकाने बोलावलं तर सात दिवसांची सूट. सातव्या दिवसाच्या आत परत. नाही आले तर त्यांचा वर्षावास मोडला."

"मग ते बोलले का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही जमीन विचारलीत, विमा विचारलात."

मी उठून उभा राहिलो. हेमा दरवर्षी चातुर्मासात कांदा-लसूण सोडते. तिचा नियम मोडू नये म्हणून मी लग्नांची आमंत्रणं नाकारलीत, हॉटेलांत वेटरशी भांडलोय, एकदा तर विमानात हवाईसुंदरीला चटणीतले घटक विचारलेत. नियम माणसाला कसा खेचून घरी आणतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि हेमाने अजून एक गोष्ट आणली होती. पावसाळा संपल्यावर विहारात कठिन चीवर दान होतं, भिक्खूंना नवी वस्त्रं द्यायचा, वर्षातला सगळ्यात मोठा उत्सव. त्याला वर्षावास पुरा केलेले पाच भिक्खू लागतात. भंतेंच्या विहारात मोजून पाच आहेत.

"म्हणजे हे वेळेत परतले नाहीत तर..."

"तर सगळ्या विहाराचा उत्सव गेला. बाकीच्या चौघांचाही." हेमा म्हणाली. "परत यायला आणखी काय कारण लागतं हो त्या व्हिसावाल्यांना?"

मी तोवर चष्मा शोधायला लागलो होतो.

दुसरा अर्ज एकदम छोटा झाला. जे नाही ते "नाही" असं लिहिलं. मला ते लिहिताना बोटांना वेदना झाल्या, पण लिहिलं. सात दिवस, संघदान, परत. विहाराच्या बाकीच्या चार भिक्खूंनी सह्या केल्या. घोषालबाबूंनी जिन्यात गाठून विचारलं, "एवढंच? निदान एखादं म्युझियम?" मी या वेळी मोबाइल कानाला लावला नाही. ताठ मानेने म्हणालो, "घोषालबाबू, हे खोकं रिकामं आहे आणि रिकामंच जाणार." ते अस्वस्थ झाले आणि दोन दिवस कमी जेवले, असं त्यांच्या मिसेसनी सांगितलं.

पुन्हा मुलाखत, पुन्हा फुटपाथ. या वेळी मी नारळवाल्यापाशीच उभा राहिलो. भंतेंना आत फार वेळ लागला. बाहेर आले तेव्हा हातात कागद नव्हता. पासपोर्टही नव्हता.

"ठेवून घेतला," भंते म्हणाले. "शिक्का मारून पाठवतील म्हणे."

फुटपाथवर मी भंतेंना मिठी मारणार होतो. ऐन वेळी चीवराचं भान आलं आणि मी ती नारळवाल्याला मारली. मग म्हटलं, सांगा, सगळं सांगा.

"एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, विमान चुकलं तर? मी म्हटलं, तर वर्षावास मोडेल, आणि माझ्यामुळे इतर चौघांना कठिन मिळणार नाही. त्या म्हणाल्या, मग इतका धोका का पत्करता? तिथे दुसरे भिक्खू आहेत ना? मी म्हटलं, आहेत. पण बाबलू त्यांचं ऐकणार नाही."

बाबलू म्हणजे बरुआबाबू. इतकी वर्षं शेजारी राहून मला त्यांचं घरातलं नाव माहीत नव्हतं.

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, बाबलू कोण. मी सांगितलं. चपलेचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, माझे वडील किल्ल्या शोधायचे."

भंते गेले. संघदानाच्या दिवशी आम्ही सगळे आमच्या हॉलमध्ये फोनसमोर बसलो. घोषालबाबू इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. पडद्यावर उषादी पांढऱ्या साडीत, शेजारी अमृता, समोर तिथल्या विहाराचे भिक्खू आणि मध्ये आमचे भंते. उषादींनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढलं. पालीतलं पठण झालं. मग उषादी एका लहान भांड्यातून बशीत पाण्याची धार सोडू लागल्या, पुण्य गेलेल्याच्या नावे करायला. भंते पठण संपवून बंगालीत, अगदी वर्गातल्या मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "बाबलू, पुष्कळ शोधलंस. आता तसाच नीघ. अनवाणी चालतं."

उषादींच्या हातातलं भांडं रिकामं झालं आणि त्या रडल्या. वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या, असं अमृताने नंतर सांगितलं. आमच्या हॉलमध्येही कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण आमच्या शहराला पावसाळा आहे. भंतेंचं परतीचं विमान उशिराने सुटलं, मग मधल्या विमानतळावर अडकलं. सहावा दिवस मावळायला आला तेव्हा ते दमदमला उतरले, मी घ्यायला गेलोच होतो. सातव्या दिवसाचा सूर्य उगवायच्या आत विहारात पाऊल पडायला हवं. मी म्हटलं, हाताशी सगळी रात्र आहे, काळजी कसली. हे मी म्हणालो आणि पाऊस कोसळू लागला. सियालदहच्या अलीकडे टॅक्सी पाण्यात शिरली, एक आवंढा गिळला आणि बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, "आता उद्या." उद्या हा शब्द त्या प्रसंगी ऐकवत नव्हता.

"चालू या," भंते म्हणाले आणि चीवर गुडघ्याच्या वर धरून उतरलेसुद्धा. मी मागोमाग उतरलो. पाणी मांडीपर्यंत. भंते पुढे, त्यांच्या थैलीसह मी मागे. रस्त्यावर भाजीच्या टोपल्या, एक प्लास्टिकची खुर्ची आणि कुणाचा तरी कोबी आमच्यासोबत तरंगत होते. दिवे गेले होते. गटाराचं झाकण कुठे असेल या भीतीने मी पाय चाचपत टाकत होतो. कुठल्यातरी खड्ड्यात उजवा पाय अडकला, मी ओढला, पाय आला आणि चप्पल राहिली. मी वाकून पाण्यात हात घालून शोधू लागलो. कोलकात्यात घेतलेली, चांगल्या चामड्याची, हेमाने वाढदिवसाला दिलेली चप्पल. भंते थोडं पुढे जाऊन थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं. नुसते उभे राहिले. मग मलाच 'अनवाणी चालतं' असं ऐकू आल्यासारखं झालं. मी दुसरीही काढून पाण्यात सोडून दिली आणि चालू लागलो.

विहाराच्या दारात चारही भिक्खू कंदील घेऊन उभे होते. भंतेंनी उंबरा ओलांडला. एकाने "साधू", म्हणजे छान झालं, असं म्हटलं, मग चौघांनी म्हटलं, मग मीही म्हटलं. पाचही जण आत होते आणि सूर्य अजून खूप लांब होता.

तेवढ्यात माझ्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन वाजला. उषादी. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ होती.

"पोचले का भंते?"

"पोचले. आम्ही पाण्यातून चालत आलो. पण उषादी, माझी चप्पल गेली. दोन्ही."

"अरे देवा! शोधली नाहीत?"

"शोधत होतो. मग लक्षात आलं. बरुआबाबूंना त्यांची सापडली नसणार. म्हणून जाताना माझी घालून गेले."

हे तोंडातून गेलं मात्र. मी मनात म्हटलं, आगाशे, पुन्हा माती खाल्लीस. आणि मग उषादी हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या, "त्यांना सैल होईल हो तुमची! त्यांचा पाय लहान!" मागून अमृताचा आवाज आला, "आई, काय झालं? आई, तू हसतेयस?"

आश्विनी पौर्णिमेनंतर विहारात कठिन चीवर दान झालं. त्यासाठी उषादी परत आल्या. खालच्या फ्लॅटचं दार उघडं आहे आणि कुंड्यांचं काम आता माझ्याकडे नाही. त्या दिवशी विहाराकडे निघताना सगळे गाडीत बसले तरी मी मात्र दारात वाकून नवी चप्पल शोधत होतो. "आगाशेबाबू," उषादी गाडीतून ओरडल्या, "तसेच या!"